नखभर

सकाळी न्हावाशेव्याहून फोन आला :
"मॅडम, तीन निघालीत. लाकडी खेळण्यांच्या पेटीत.
खरी की खोटी, तेवढं सांगा."

उरणचा रस्ता. ट्रेलरमागे ट्रेलर,
विमानतळासाठी कापून सपाट केलेला उलव्याचा डोंगर,
आणि मांडीवर माझा डबा : भिंग, चिमटा, बारीक करवत, पिशव्या.
अठ्ठावीस वर्षांची नोकरी
डब्यात मावते, वर थोडी जागाही उरते.

गोदामात पंखा नव्हता.
सोनसुरकर साहेबांनी टेबलावर पेपर पसरला,
त्यावर तीन शिंगं,
बाजारात सुरण ठेवतात तशी.
पहिलं म्हशीचं, तापवून वाकवलेलं.
दुसरं डिंक, भुसा, वरून बूटपॉलिश.
साहेब हसले. मीही.
तिसरं उचललं
आणि हसू तोंडातच राहिलं.
बुडाशी उभे धागे, केसांसारखे.
कुऱ्हाडीची तिरकी खूण.
पोस्टाच्या तिकिटाएवढी चामडी, वाळलेली,
अजून धरून होती.

"खरं," म्हटलं मी.
त्यांनी लिहिलं : सातशे चाळीस ग्रॅम.
मी नखभर तुकडा कापून घेतला.

गेंड्याची कातडी, म्हणतात लोक.
मी पाहिलीय जवळून. घडीत ती गुलाबी असते,
माशी बसली तरी थरथरते,
उन्हानं सोलवटते, म्हणून तर चिखल लागतो.
पुढाऱ्यांना ती उपमा देऊ नका, एवढंच सांगते.

माझं काम तसं शेणाचं.
गेंडा ठरलेल्या जागी येतो, तिथेच टाकतो,
आणि मी पहाटे, डोक्यावर दोन हात गवत,
काडीनं वरचा ओला थर खरवडते.
असे अकरा हिवाळे, ब्रह्मपुत्रेच्या काठी.
एकदा ऐरोलीच्या प्रयोगशाळेतला फ्रीज बिघडला
तेव्हा नमुने घणसोलीला घरी आणले,
सोड्यांच्या डब्याशेजारी ठेवले.
आई किंचाळली :
"आगो, शेन कला ठेवलंस फिरीजान?"

आमचं खाजण सिडकोनं घेतलं.
साडेबारा टक्क्यांत भूखंड आला,
त्यावर चार मजले, सात भाडेकरू.
त्या भाड्यावर मी गेंड्यांमागे फिरले.
पगार कुठे पुरत होता.
हे कुठल्याच अहवालात लिहिलेलं नाही.

एकोणीस दिवसांनी जुळलं :
म-३१.
वही काढली. माझंच अक्षर, तेव्हाचं, जरा गोल.
मादी. डावा कान फाटका. पिल्लू एक, म-५८.
पुरानंतर दिसली नाही.
पुढचा रकाना "कारण", चार वर्षं कोरा.
पुरानं नेली असेल, असं मी ठरवून टाकलेलं.
पुरावर राग धरता येत नाही,
ते बरं पडतं.

पेन उघडलं. लिहिलं.
अक्षर आता टोकदार येतं.

संध्याकाळी आई नेलकटर घेऊन गॅलरीत.
तिला दिसत नाही हल्ली, माझ्याकडेच हात करते.
"दिवेलागनीला नखा कापू नये," हेही तीच म्हणते
आणि बोट पुढे करते.
मी कापत गेले. पेपरवर पडत गेली,
पिवळट, जाड, चंद्रकोरी.
म्हटलं, आई, शिंग म्हणजे हेच.
दुसरं काही नसतं त्यात.
तिनं एक नख उचललं, डोळ्याजवळ नेलं,
बराच वेळ.
"न ह्याच्यासाठी मारली?"
"हो."
खालून दूधवाल्याची बेल वाजली, दोनदा.
ती उठली नाही.
"न तिचा वासरू?"

मागच्या माघापर्यंत होतं.
पुडी आहे माझ्याकडे, तारीख घातलेली.
मी तेवढंच सांगितलं.
तिनं पेपर घडी केला, नखांसकट,
आणि दुसरा हात पुढे केला.